मंत्रिमहोदय, पेरॉक्साइड कपाटात टिकत नाही

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी दहावीला विज्ञान शिकवतो. परवा ऑक्सिजनचं प्रॅक्टिकल होतं. शंकूपात्रात उत्प्रेरक म्हणून चमचाभर मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड, वरून नरसाळ्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, नळीचं टोक पाण्याच्या परातीत आणि त्यावर पाण्याने भरून उपडं घातलेलं वायुपात्र. सगळं मांडलं, पण बुडबुडा एक नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उत्प्रेरक मेला का?"

उत्प्रेरक कसला मरतोय! ती काळी पूड अभिक्रियेचा वेग वाढवते, स्वतः खर्ची पडत नाही. गाळून, धुऊन, वाळवून तोलली तर वजन तेवढंच भरतं. मेलं होतं ते पेरॉक्साइड. त्याचं आपोआप पाणी आणि ऑक्सिजन होत राहतं, उन्हाने-उकाड्याने जास्तच; म्हणून तर ते गडद बाटलीत येतं. आमची बाटली एकगठ्ठा खरेदीत आली आणि दोन उन्हाळे पत्र्याखालच्या कपाटात पडून राहिली.

मधल्या सुट्टीत औषधाच्या दुकानातून जखम धुवायचं पेरॉक्साइड आणलं, पदरच्या पैशाने. पूड तीच. लगेच फसफसलं. पहिले बुडबुडे सोडून दिले, त्यात पात्रातली हवाच असते. मग भरलेल्या वायुपात्रात टोकाला नुसती लाल असलेली उदबत्ती सोडली, ती भपकन पेटली. मागच्या बाकावरचा तो पोरगा एव्हाना टेबलाला चिकटून उभा होता.

टिकाऊ पोटॅशियम क्लोरेट वापरा, असं कुणी सुचवेल. पण ते तापवावं लागतं, आणि मँगनीज डायऑक्साइड समजून त्यात कोळशाची पूड पडली तर स्फोट होतो. दोन्ही काळ्याच. आमच्याकडे प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा रिकामी आहे. चाळीस पोरांत एकट्याने मी ते करणार नाही.

३ टक्क्यांच्या १०० मिली पेरॉक्साइडमधून साधारण १ लिटर ऑक्सिजन मिळतो. पाव लिटरची चार वायुपात्रं. एवढ्याशा बाटलीसाठी आमच्या कार्यालयात तीन दरपत्रकं मागतात! तेव्हा विनंती एकच: लवकर नासणारी रसायनं एकगठ्ठा खरेदीतून वगळा, आणि प्रॅक्टिकलच्या आठवड्यात ती गावातल्या दुकानातून साध्या पावतीवर घ्यायची मुभा मुख्याध्यापकांना द्या.

मँगनीज डायऑक्साइड मात्र पाठवू नका. आमचं खिडकीत वाळत घातलंय.

आपला,
एक विज्ञान शिक्षक