पक्या, त्या स्पर्धेचे पैसे भरू नकोस

लालबाग, रविवार दुपार

प्रिय पक्या,

तू फॉरवर्ड केलेलं ते 'राज्यस्तरीय भव्य कथास्पर्धे'चं पोस्टर बघितलं. फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय, चहा घे आणि नीट वाच. पाचशे रुपये प्रवेश फी, ती एकवेळ ठीक, पण खालची बारीक अक्षरं वाचलीस का? निवडलेल्या कथांचा 'प्रातिनिधिक संग्रह' काढणार आणि त्यात कथा असलेल्या प्रत्येकाने किमान पाच प्रती विकत घ्यायच्या. आता हिशोब कर, साठ जणांची 'निवड' झाली की तीनशे प्रती छापायच्या आधीच खपल्या, वर सगळ्यांची फी आहेच, मग तुझी कथा कोणी वाचायची गरज तरी कुठे उरली? नापास कोण होणार त्यात? शाल मिळेल, सन्मानचिन्ह मिळेल, फेसबुकवर फोटो येईल, वहिनी खूश होतील. पण बाबा, त्या धंद्यात तू गिऱ्हाईक आहेस.

आणि पैसे भरायला निघालास कुठे, तर मुंबईत बसून, मराठीत लिहीत असताना! बंगाल्यांचे पूजा अंक आणि आपले दिवाळी अंक, कथा लिहिणाऱ्याची एवढी चैन फार कमी ठिकाणी असेल. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथपासून ही परंपरा चालू आहे, आजही दर वर्षी शेकडो अंक निघतात आणि बहुतेकांना कथा लागतेच. सगळे काही चांगले नसतात, निम्मे तर जाहिराती गोळा करायलाच काढलेले असतात, पण उरलेल्यात सुद्धा आपल्याला पुरून उरेल एवढी जागा असते. मानधन कुठे बरं मिळतं, कुठे नुसता अंक घरी येतो, कुठे तोही मागून घ्यावा लागतो. पण तुझ्याकडून कोणी मागत नाही, हा मुद्दा.

मी सीझनला प्रुफं तपासतो तिथलं तुला सांगतो, कारण बाहेरून हे कळत नाही. लोकांना वाटतं दिवाळीचं काम म्हणजे गणपतीनंतर बघू. अरे चांगले संपादक मे-जूनमध्येच कथा सांगून ठेवतात, जुलैअखेर बरंचसं ठरलेलं असतं आणि गणपतीत आम्ही पानं लावत असतो. आता पानांची भानगड ऐक. अंक फर्म्यांत छापतात, आठ किंवा सोळा पानांचा एक फर्मा. शेवटच्या आठवड्यात एखादी पानभर जाहिरात गळते, नाहीतर अचानक दोन नव्या येतात, आणि मग संपादक विचारतो, अरे चार पानांचं काही आहे का? त्या वेळी फोल्डरमध्ये पडलेली दीड-दोन हजार शब्दांची नीट कथा पटकन उचलली जाते आणि सात हजार शब्दांची, कितीही बरी असली तरी, पुढच्या वर्षावर जाते. तुझ्या सगळ्या कथा सात हजारांच्या वर का असतात हे मला कळलेलं नाही, पण एक तरी छोटी तयार ठेव.

दुसरं, फाईल युनिकोडमध्ये पाठव. तुझी मागची फाईल श्रीलिपी नावाच्या जुन्या फॉन्टात होती, माझ्या मशिनवर नुसते कंस आणि उद्गारचिन्हं दिसली. शंभर मेल आलेल्या माणसाने तुला परत फोन करून फॉन्ट विचारावा ही अपेक्षा ठेवू नकोस. हस्तलिखिताचे मोबाईलवर काढलेले फोटो तर नकोच नको. एका वेळी एक कथा, एकाच संपादकाला, सोबत चार ओळींचं पत्र, आणि त्या पत्रात कथेचा आशय समजावून सांगायचा नाही. पूर्वी 'साभार परत' तरी यायचं, आता काहीच येत नाही, ती शांतता हाच नकार समजायचा. दोनेक महिन्यांनी एकदा विचार, उत्तर नाही आलं तर कळवून टाक की कथा दुसरीकडे देतोय आणि दे.

मी स्पर्धांच्या विरोधात आहे असं समजू नकोस हां. काही दिवाळी अंक आणि जुनी वाचनालयं चांगल्या स्पर्धा घेतात, आणि आपल्यासारख्या आळशी माणसाला तारीख मिळते हेच मोठं काम आहे. फी असली म्हणजे फसवणूकच असंही नाही, इंग्लंडात ब्रिडपोर्ट प्राईझ आहे, कथेला पहिलं बक्षीस पाच हजार पौंड, ते फी घेतात पण कथेची निवड आणि बक्षीस खरं असतं. मी काय बघतो सांगू? परीक्षकांची नावं आधी जाहीर केलीत का, मागच्या वर्षीच्या विजेत्या कथा कुठे वाचायला मिळतात का, आणि हक्कांबद्दल काय लिहिलंय. 'पाठवलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं दिसलं की पोस्टर तिथेच मिटवायचं. कथा लिहिलीस की कॉपीराईट आपोआप तुझा, नोंदणी लागत नाही. आणि १९५७च्या कायद्याचं एकोणिसावं कलम आपल्या बाजूचं आहे: हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण 'कायमस्वरूपी, जगभर' असं छापलेल्या फॉर्मवर तूच सही ठोकलीस की मग कलम काय करणार. आणि हो, प्रतिलिपीसारख्या कथांच्या ॲपवर टाकलेली कथा बऱ्याच ठिकाणी प्रकाशित धरतात, त्यामुळे तुझी ती नवी पंपहाऊसवाली कथा तिकडे टाकू नकोस, हात जोडतो.

आता पुस्तकाचं. परवा तू म्हणालास की कोणीतरी चाळीस हजारात संग्रह काढून देतो, आयएसबीएनसकट, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासकट. पक्या, आयएसबीएन भारतात फुकट मिळतो! राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी तो देते, त्याचे वेगळे पैसे लावणारा माणूस आणखी कशाकशाचे लावेल बघ. आणि खरं नुकसान चाळीस हजारांचं नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तुझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत त्यांचं ऑफिस. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही अशाच लेखकाला ती मिळते, कथासंग्रह चालतो, वर्षाच्या सुरुवातीला साधारण जाहिरात येते. पदरचे पैसे घालून घाईघाईत पुस्तक काढलंस की तू नवलेखक राहिलाच नाहीस, ते दार बंद. शिवाय राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळा विभाग असतो, पहिलं पुस्तक एकदाच येतं आणि तेच असं वाया घालवायचं?

छोट्या प्रकाशकांकडे जा की सरळ. मुंबईत ती रीत जुनीच आहे. साठच्या दशकातली अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, इथलीच, अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने अरुण कोलटकरांच्या कविता छापल्या त्या काही मोठं ऑफिस थाटून नव्हे. पुढे सत्तरच्या दशकात ग्रंथाली आली, लोकवाङ्मय गृह आहेच. कथासंग्रह खपत नाही हे वाक्य सगळीकडे ऐकशील, ते खरंही आहे, म्हणून आधी पाच-सहा कथा बऱ्या अंकांत येऊ देत. संग्रहाच्या बाडासोबत 'पूर्वप्रसिद्धी'ची यादी असली की प्रकाशक निदान पहिलं पान उलटतो. शनिवारी दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानात जाऊन अर्धा तास नुसता उभा राहा, नव्या लोकांचे संग्रह कोण काढतंय ते मागच्या पानांवरून कळेल. विकतही घे एखादा, कंजूषपणा करू नकोस.

आणि जरा लांबचं स्वप्न बघायचं असेल तर कॉमनवेल्थची कथास्पर्धा. फी नाही, दोन ते पाच हजार शब्द, विभागीय विजेत्याला अडीच हजार पौंड आणि एकूण विजेत्याला पाच हजार. मूळ भाषेत पाठवायच्या यादीत बंगाली आणि तमिळ आहेत, मराठी नाही, ह्याचा मला राग येतो पण असो. इंग्रजी अनुवाद मात्र चालतो, आणि अनुवादित कथा जिंकली तर अनुवादकालाही बक्षीस असतं. कथा अप्रकाशित हवी, त्यामुळे एक बाजूला काढून ठेवावी लागेल. अनुवादाने काय होतं बघ, २०२५चं इंटरनॅशनल बुकर बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला मिळालं ना, त्या कन्नड कथा आहेत, कादंबरी नव्हे, तीसहून जास्त वर्षांत लिहिलेल्या, आणि इंग्लंडात ते पुस्तक काढलं शेफिल्डच्या 'अँड अदर स्टोरीज' नावाच्या छोट्या प्रकाशनाने. पन्नास हजार पौंड लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मे निम्मे. आपल्याकडे अडतंय ते अनुवादकावर. तुझी ती मेहुणी इंग्रजीत एम.ए. आहे ना, तिला एखादी कथा वाचायला दे, लगेच अनुवाद कर म्हणू नकोस, नुसती दे.

आता पंपहाऊसवाली. पहिली दोन पानं पाऊस आहे, आणि पाऊस आम्हा सगळ्यांच्याच कथांत असतो रे. सेक्रेटरी रात्री खाली येऊन तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि पंपवाला बघून न बघितल्यासारखं करतो, तिथून सुरू कर. पंपवाल्याच्या हातातल्या पान्याचं जे लिहिलंयस ते ठेव, त्याला हात लावू नकोस. बायकोचा फ्लॅशबॅक काढ. पुतण्याच्या लग्नाचं सगळंच काढ. चार हजार शब्दांपर्यंत येईल. शीर्षकात 'वेदना' नको.

पुढच्या रविवारपर्यंत पाठव, युनिकोड, वर्ड फाईल, पीडीएफ नको कारण मला त्यात खुणा करायच्यात. जूनचा दुसरा आठवडा चालू आहे, अजून वेळ गेलेली नाही, दोन संपादक मला माहितीयेत जे नवीन नाव बघून मेल बंद करत नाहीत, त्यांची नावं भेटलास की सांगतो, इथे नको. वहिनींना नमस्कार, आणि ते पाचशे रुपये वाचलेत तर येताना घेऊन ये काहीतरी खायला.

तुझा,
बंड्या