वारा फिरायच्या आधी गाडी फिरवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमच्याकडे आइसलँडमध्ये राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात, टेलिफोनची यादीसुद्धा पहिल्या नावाने लावलेली असते, हे तुम्हीच सांगितलंत. मला ते जमत नाही. तुम्ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, तेव्हा ताईच. पत्र मराठीत लिहितेय. तुमच्यासाठी लेक इंग्रजी करून देईल, पण इथल्याही चार जणांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्या चारांतले दोन-तीन कोण, ते पुढे कळेलच.

जानेवारीत आइसलँडला जायचं ठरल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. ठाण्यातल्या एका टूरवाल्याने आगाऊ रक्कम घेतली आणि पाच दिवसांत अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालणारा रंगीत कागद हातात ठेवला. रिंग रोड १३२२ किलोमीटरचा. पुण्याहून नागपूरला जाऊन परत यावं, जवळजवळ तेवढा. तोही बर्फावरून, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उजेड जेमतेम साडेचार तास. मी उजेडाबद्दल विचारलं, तर म्हणाला, ‘मॅडम, रस्ते फॉरेनचे आहेत.’ भाच्याने त्यावर कडी केली, ‘होऊन जाईल गं मावशी.’ त्याने आइसलँड पाहिलं होतं, जुलैमध्ये.

मग लेकीने तुमच्या गेस्ट हाउसला मेल केला. तुमचं उत्तर माझ्याकडे अजून आहे. पहिलंच वाक्य, ‘पहिल्या रात्री माझ्याकडे येऊ नका.’ दोन विमानं बदलून, न झोपता, विमानतळापासून तीनशे किलोमीटर अंधारात गाडी चालवायची नाही, सेल्फॉसला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उजेड बघून निघा. चालून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. उत्तर बाजू काटलीत, पूर्व काटलीत, उरला फक्त दक्षिण किनारा. आमचे हे जरा खट्टूच झाले. एवढे पैसे खर्चून एवढंसंच?

एवढंसं! स्कोगाफॉसचा साठ मीटरचा धबधबा कडेने गोठलेला. रेनिसफ्याराची काळी वाळू आणि मागे उभे काळे खांब. तिथे समुद्राकडे पाठ करू नका, लाट न सांगता येते, हेही तुमच्याच मेलमध्ये होतं. मग व्हीक, त्यापुढे मिरदालसांदुरचं काळं माळरान, कात्ला ज्वालामुखीच्या पुरांनी आणून टाकलेलं. तुमच्या क्लाउस्तुर गावाच्या अलीकडे तर लाव्हाच लाव्हा, वर जाड शेवाळ, त्यावर बर्फ. १७८३ साली लाकीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत होता, देशातला साधारण पाचवा माणूस त्यानंतरच्या दुष्काळात गेला, हे तुम्ही कांदा चिरता चिरता सांगितलंत, शेजारच्या आळीतलं सांगावं तसं.

आता मूळ गोष्ट. तुमच्याकडे पोचलो त्या संध्याकाळी हवा अगदी शांत होती. ह्यांनी फोनवर दुसऱ्या दिवसाचा अंदाज बघितला, वारा चोवीस. म्हणाले, ‘चोवीस? एवढा तर आमच्या स्कूटरला लागतो.’ तुम्ही हसला नाहीत. शांतपणे म्हणालात, ‘तो सेकंदाला मीटरमध्ये असतो. साडेतीनहून थोड्या जास्तने गुणा.’ ह्यांनी गुणलं आणि पुढे जेवेपर्यंत काही बोलले नाहीत. तासाला चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या पुढे!

रात्री साडेदहाला दारावर टकटक. तुम्ही लोकरी स्वेटरमध्ये, डोक्याला बॅटरी बांधलेली. ‘किल्ली द्या.’ गाडीची शेपटी समुद्राकडे होती आणि पहाटे वारा तिकडूनच येणार होता. हे बूट शोधायला लागले, तर तुम्ही हात करून थांबवलंत, ‘तुम्ही झोपा.’ खिडकीतून मी बघत होते. अंगणातल्या निसरड्या बर्फावर तुम्ही आमची गाडी हळूहळू मागे घेतलीत, फिरवलीत, तोंड वाऱ्याच्या बाजूला करून गोठ्याच्या आडोशाला लावलीत. मग खाली उतरून एकदा हवेत हात धरून पाहिलात.

सकाळी किल्ली दाराच्या कडीला टांगलेली, सोबत एक कागद. त्यावर पेन्सिलीने गाडीचं चित्र, वाऱ्याचा बाण आणि दोन ओळी, ‘एका वेळी एकच दार. दोन्ही हातांनी.’

गाडी भाड्याने देणाऱ्याने काउंटरवर वाळू-राखेचा विमा आठवणीने विकला होता. मागून आलेल्या वाऱ्याने उघडलेलं दार उलटं गेलं तर तो खर्च आपला, हे सांगायला मात्र तो विसरला. तो अख्खा दिवस तुम्ही आम्हाला निघू दिलं नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशी परतताना पेट्रोल पंपावर एक गाडी पाहिली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार बिजागरीतून पुढे दुमडलेलं, दोरीने बांधलेलं. आत दोन मुली गप्प बसल्या होत्या. मी तुमचा कागद पर्समधून काढून पुन्हा वाचला.

आमच्याकडे मदत म्हणजे ‘काही लागलं तर सांगा’. काय लागेल ते ज्याला माहीतच नाही, तो काय सांगणार? तुम्ही विचारलंच नाहीत. माझ्या आजोळी शेवटची एसटी फाट्यावर थांबायची. एक कंडक्टर होता, उतरलेली बाईमाणूस एकटी असली तर पाणंदीच्या टोकाला तिच्या घरचा कंदील दिसेपर्यंत घंटी मारायचा नाही. आतले प्रवासी कुरकुरायचे. त्याचं नाव कोणालाच आठवत नाही, थांबलेली गाडी मात्र सगळ्यांना आठवते.

लोक विचारतात, योकुलसारलोन सरोवरातले हिमनग पाहिले का? नाही पाहिले. तो दिवस तुमच्या स्वयंपाकघरात गेला. मेंढीच्या मांसाचं सूप तुमचं, थालीपिठं माझी, आणि बाहेर तो आवाज. भाचा म्हणतो, दिवस फुकट गेला. त्याला मी काही सांगत बसले नाही.

तुमच्या गावाजवळची ती दगडी खांबांच्या माथ्यांची फरशी बघून मी म्हटलं होतं, आमच्याकडे मुंबईत अंधेरीला असाच दगड उभा आहे, गिल्बर्ट हिल, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तुम्ही फोटो मागितला होतात. मागच्या रविवारी जाऊन आलो. चारी बाजूंनी इमारती, झोपड्या, दोऱ्यांवर कपडे, आणि मधोमध हा काळा खांबांचा डोंगर. माथ्यावर देऊळ. फोटो सोबत पाठवतेय. खालच्या कोपऱ्यात छत्री धरून उभे आहेत ते आमचे हे. उन्हासाठी आहे ती, वारा अजिबात नव्हता.

तुमची,
ठाण्याची थालीपीठवाली