समेवर सूर बदलायला शिकवणाऱ्या पेटीमास्तरांना

शहापूर, बेळगाव

आदरणीय मास्तर,
सादर प्रणाम.

आमच्या व्हिडिओ गेमचे संगीत पूर्ण झाले असून तो खेळ आता खानापूर तालुक्यातल्या मुलांच्या हाती पडला आहे. त्या संगीतात जे काही चांगले उतरले आहे, त्याचा पाया आपण घातलात. पेटीवादकाने साथीला बसावे, पुढे येऊ नये, असे आपण नेहमी म्हणता. तरीही हे आभाराचे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण गेमसाठी संगीत करू पाहणाऱ्या आपल्या भागातल्या तरुणांपर्यंत आपली शिकवण पोहोचायला हवी असे मला मनापासून वाटते.

कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या काठाने एक मुलगी भर पावसात आपल्या आजोबांना शोधत निघते, एवढीच आमच्या खेळाची कथा आहे. त्यात एकही संवाद नाही. एकाच गल्लीतली काही मुले मराठी शाळेत जातात आणि काही कन्नड शाळेत, त्यामुळे कोणत्याही एका भाषेत लिहिले असते तरी अर्धी मुले बाहेर राहिली असती. साहजिकच मुलगी कुठे घाबरली, कुठे तिला धीर आला, हे सांगण्याची सारी जबाबदारी सुरांवर आली.

चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंग किती वेळ चालणार हे आधीच ठाऊक असते. गेममध्ये मात्र तो वेळ खेळणारा ठरवतो. एखादा मुलगा साकव धावतच ओलांडतो, तर एखादी मुलगी त्याच साकवावर उभी राहून पुराचे पाणी बघत बसते, आणि दोघांनाही संगीत अर्ध्यात तुटल्यासारखे वाटता कामा नये. ही अडचण मी आपल्यापुढे मांडली तेव्हा आपण लगेच म्हणालात, "म्हणजे तबलजीला लेहरा धरायचा तसंच की हे." त्या संध्याकाळी आपण तीनतालातला एकच लेहरा, म्हणजे तबल्यामागे तालाचे माप धरून पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, बराच वेळ वाजवून दाखवलात. शेवटच्या काही मात्रांत सूर समेकडे, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, असा झुकवायचा की कान पुढच्या आवर्तनाची वाट पाहू लागेल. लेहरा कंटाळवाणा होऊ द्यायचा नाही, पण त्याने तबल्यावरचे लक्षही ओढून घ्यायचे नाही. आणि बदल करायचाच असेल तर तो समेवर करायचा. आमच्या खेळात मुलगी जंगलात शिरली तरी चालू आवर्तन संपेपर्यंत नवे संगीत थांबून राहते, ते या शेवटच्या सूचनेमुळे. लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या मायकल लँड आणि पीटर मॅककोनेल यांनी याच गरजेतून 'आयम्यूज' ही प्रणाली तयार केली होती. 1991 च्या 'मंकी आयलंड 2' मध्ये नायक एका जागेतून दुसऱ्या जागेत गेला की मूळ धून न तुटता वेगळ्या वाद्यांत शिरते, ती त्या प्रणालीमुळेच. हे मी वाचले होते. ते हाताने कसे साधायचे, हे मात्र आपल्या पेटीसमोर बसल्यावर समजले.

आपण गेम कधी खेळला नव्हता, तरी मी ऐकवलेले सारे आस्थेने ऐकलेत. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मधले उतरते चार सूर शत्रूच्या चालीबरोबर जलद होत जातात, तेव्हा "लय वाढवूनच भीती दाखवली" हे आपण नेमके हेरलेत. ऑस्टिन विंटरी यांचे 2012 च्या 'जर्नी'चे संगीत तर आपण पुन्हा लावायला सांगितलेत. त्या खेळातही संवाद नाहीत. चेलोचा एकाकी स्वर हाच तिथे प्रवाशाचा आवाज आहे, आणि शब्द असलेले गाणे येते ते प्रवास संपल्यावर. ग्रॅमीच्या दृश्यमाध्यमांसाठीच्या पार्श्वसंगीताच्या विभागात नामांकन मिळालेले ते पहिले गेम-संगीत होय.

त्यानंतरच आपण मुलीची धून बांधून दिलीत. भूप रागातले पाच सूर, गंधारावर थोडा विसावा, पंचमापर्यंत जाऊन परत षड्जावर. साकवावर ती बासरीवर येते, देवळापाशी पेटीवर, आणि पुरात तिचे तुकडे होऊन केवळ पहिले दोन सूर उरतात. शेवटी मुलगी आजोबांच्या घरी पोहोचते तेव्हा काय वाजवावे, असे मी विचारले. मला वाटले होते की आपण वेगळी, करुण चाल द्याल. आपण तीच धून वाजवलीत आणि गंधार तेवढा कोमल केलात, म्हणजे अर्ध्या सुराने खाली आणलात. भूपाची शिवरंजनी झाली. त्या एका सुराने घर रिकामे झाले. वर आपणच म्हणालात, "इथं पेटी नको, व्हायोलिन घ्या. पेटीवर मींड निघत नाही." एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे म्हणजे मींड. पन्नाशीनंतरही रोज रियाज करणाऱ्या वादकाने कथेसाठी आपले वाद्य बाजूला ठेवावे, याचे मोल मी विसरणार नाही.

मुलांनी खेळ खेळून पाहिला त्या दिवशी कन्नड शाळेतली एक मुलगी खेळातल्या आजोबांच्या दारापाशी आली. तिने अजून दार उघडले नव्हते आणि पडद्यावर दुःखाची कसलीही खूण नव्हती. व्हायोलिनवर कोमल गंधार आला, तिचे बोट पडद्यावरच थांबले आणि ती शेजारणीला हळूच म्हणाली, "अज्ज इल्ल." आजोबा नाहीत, हे तिला सुरांनी सांगितले होते. राग कोणता, हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. मागचा सगळा प्रवास तिने शुद्ध गंधाराच्या सोबतीने केला होता, म्हणून तो बदल तिला लागला.

आपण नको म्हणालात तरी श्रेयनामावलीत आपले नाव सर्वांत वर घातले आहे; ते काढण्याचा आग्रह कृपया धरू नये. ध्वनिमुद्रणाची प्रत आपल्या नातवाकडे दिली आहे. पुढच्या भागात मुलगी नदीच्या काठाने खाली सौंदत्तीकडे जाणार आहे आणि तिच्या परतीच्या वाटेवर शुद्ध गंधार कुठे यावा, याबद्दल माझ्या मनात दोन जागा आहेत. दिवाळीनंतर आपल्या सवडीने भेटायला येतो, दोन्ही ऐकून निर्णय द्यावा.

आपला कृतज्ञ,
गेमच्या संगीतावर काम करणारा आपला विद्यार्थी