पाकोळ्यांच्या फटींवर ऐन पावसाळ्यात सिमेंट नको

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की जुने वाडे, देवळांची शिखरे, गढ्या यांच्या भेगा बुजवायची घाई सुरू होते. आत पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी लहान वटवाघळे, दिसल्या तर आधी धूर, मग सिमेंट. त्यांतली लांबशेपटी वटवाघळे जून-जुलैत वितात आणि मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. त्यामुळे धुराने आया बाहेर पडतात आणि पिल्ले आतच गुदमरतात.

ही जात कोरड्या मुलखाची, राजस्थानच्या वाळवंटातही सुखाने नांदणारी. वजन जेमतेम १०-१५ ग्रॅम. शेपटी उंदरासारखी लांब आणि सुटी, पडद्यात गुंतलेली नसते. ती कोपर ते मनगट या अंतराहून लांब असेल तर ही धाकटी जात, आखूड असेल तर थोरली. नाकपुड्या फटीसारख्या आणि मिटता येणाऱ्या. पावसाळ्यानंतर ओटीपोटात चरबी साठते आणि थंडीत किडे कमी झाले की त्यावरच गुजराण होते. म्हणून हिवाळ्यातही त्यांना उठवू नये.

द्राक्षबागायतदारांचा राग फळे खाणाऱ्या वटवाघळांवर असतो, तो समजण्यासारखा आहे. पण ही जात फळाला तोंड लावत नाही. खाली चोथा आणि बिया पडल्या असतील तर गुन्हेगार दुसरा. कोरडी काळी लेंडी काडीने चिरडल्यावर भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे दिसले, तर ती किडेखाऊ पाकोळी.

हलवायचेच असेल तर ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर हा काळ बरा. सूर्यास्तानंतर तासभर बाहेर उभे राहून त्या कोणत्या फटीतून निघतात ते दोन-तीन संध्याकाळी पाहावे. त्या फटीवर बारीक जाळी वरून आणि बाजूंनी पक्की करून खालून हातभर मोकळी लोंबती सोडावी. त्या खाली सरकून बाहेर पडतात, परत शिरता येत नाही. मोठ्या भोकांच्या मासेमारीच्या जाळीत मात्र त्या अडकून मरतात. पाच-सहा रात्री जाऊ द्याव्यात, बॅटरीने आत पाहावे, मगच फट बुजवावी. बाकीच्या फटी आधी बंद करायला विसरलात तर सगळा खटाटोप वाया.

विष्ठा झाडण्याआधी पाणी शिंपडावे, तोंडावर चांगला मास्क असावा. कोरड्या धुळीतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. पाकोळी उघड्या हाताने धरू नये. चावलीच तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

— वटवाघूळ अभ्यासक, नाशिक