रघूच्या खाकीबद्दल

प्रिय दत्तू,

तुझी तीन पत्रं आली, माझं एकही नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा तसाच आहे.

रघूनं यंदा पोलिसाचं सोंग घ्यायचं ठरवलंय. खाकी शिवून आणली, पट्टा, बूट, सगळं इतकं खरं की मलाच धडकी भरली. अण्णांचं आठव. टोपी भलत्याच खात्याची, बंदूक लाकडी, पायात चपला. लांबून माणूस दचकायचा, जवळ येताच हसायचा. बहुरूप्याचं कसब त्या दहा पावलांत. रघूचं सोंग अकराव्या पावलालाही खरंच वाटतं!

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम २०५: फसवायच्या हेतूनं सरकारी नोकराचा पोशाख घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू नव्हता हे चौकीत कोण ऐकून घेणार? १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा तर खेळ करून मागण्यालाही भीकच धरतो. पण मला धास्ती जमावाची. २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या जमातीतल्या पाच डवरी गोसाव्यांना ठेचून मारलं. त्यांनी तर पोलिसाचं सोंगही घेतलं नव्हतं.

तुझं तो ऐकतो, म्हणून सांग. गावात शिरण्याआधी पोलीस पाटलाला भेटायचं. शाळेपाशी, एकट्या बाईच्या दारात खाकीत जायचं नाही. आधी गुन्हा वाचायचा, ‘सासूला न विचारता जांभई दिली’ असला. दंड सव्वापाच ढेकूण, रोख. खऱ्या पैशाचा आकडा तोंडातून काढायचा नाही. लोक हसले की कडक सलाम, मगच झोळी.

मिशीचं आपलं भांडण मी अजून सोडलेलं नाही. स्पिरिट गम, म्हणजे मिशी चिकटवायचा डिंक, पातळच लावायचा! ओठावरचा घाम पुसून लाव, चिकट होईतो थांब, मग ओलसर फडक्यानं दाब. घाई केली की पहिल्याच आरोळीला कोपरे सुटतात. (अण्णांची सुटायची ती मुद्दाम, हे तुला कधी कळलंच नाही.) उतरवताना ओढू नको म्हणावं, खोबरेल मुरू दे. आणि पेटीतलं ते जुनं मुर्दाडशिंग तोंडाला लावू देऊ नकोस, त्यात शिसं असतं. जस्ताचा सफेदा (शिशाचा नव्हे) खोबरेलात खलला की भागतं.

सुमनचा निकाल लागला का? पत्रे बदललेस की अजून बादल्याच?

रघूला बूट तेवढे काढायला लाव. अण्णांच्या चपला माळ्यावर आहेत, पाठवतो.

तुझा,
बापू