‘लुप्त’ ख्मेर आणि मूठभर पोहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला व्हिएतनामवरचा लेख वाचला. हो ची मिन्ह शहर, कु चीची भुयारं, मेकाँगमधली एका दिवसाची होडीची सफर, सगळं रीतसर होतं आणि फोटोही छान होते. पण शेवटच्या चौकटीत वाचकांना सल्ला दिला होता की, लुप्त झालेल्या ख्मेर संस्कृतीच्या खुणा पाहायच्या असतील तर कंबोडियात अंकोरला, त्यांच्या जुन्या राजधानीला, जावं. हे काही मला गिळवलं नाही. ही लुप्त माणसं मी याची देही भांडताना, होड्या वल्हवताना आणि मुख्य म्हणजे पोहे कांडताना पाहिली आहेत. तीही कंबोडियात नव्हे, व्हिएतनाममध्येच.

माझी ओळख एवढीच की गेली पंचवीस वर्षं मी पोहे आणि चिवडा विकते. इतिहास शिकवण्याचा माझा अधिकार नाही. पोह्यांबद्दल बोलण्याचा मात्र आहे.

भाचा हो ची मिन्ह शहरात नोकरीला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच्याकडे गेले होते. त्याच्या कचेरीतली एक मुलगी सणाला गावी निघाली होती, तिने आम्हा दोघांना आग्रहाने बरोबर नेलं. गाव तेव्हाच्या त्रा विन्ह प्रांतातलं. शहरापासून साधारण १३० किलोमीटर, बसने चारेक तास. मेकाँग समुद्राला मिळण्याआधी फाटे फुटत जाते, त्यातल्या दोन मोठ्या फाट्यांच्या मध्ये हा मुलूख आहे. सगळा सपाट, भातखाचरं, नारळ, कालवे. प्रांताची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती आणि त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा ख्मेर. ते स्वतःला ‘ख्माय’ म्हणवतात. खालच्या अंगाला राहणारे म्हणून ‘ख्मेर क्रोम’. हा त्रिभुज प्रदेश आधी ख्मेरांचाच होता. सतराव्या-अठराव्या शतकांत व्हिएतनामी न्गुएन सरदारांची सत्ता इथवर पसरली. त्रा विन्ह या नावातही ते उरलं आहे. व्हिएतनामीत ‘त्रा’ म्हणजे चहा, पण इथला ‘त्रा’ चहाचा नव्हे. मूळ ख्मेर नाव ‘प्रेह त्रापेआंग’, म्हणजे पवित्र तळं. बोलता बोलता त्याचं झालं त्रा विन्ह.

(चहावरून आठवलं. शाकाहारी वाचकांनी तिकडे ‘चाय’ एवढाच शब्द पाठ करावा. त्याचा अर्थ शाकाहारी. चहा मागायला ‘चाय’ म्हणालात तर समोर टोफू येईल.)

आम्ही पोचलो ते ओक ओम बोक सणाच्या आदल्या दिवशी. व्हिएतनामी पंचांगाप्रमाणे दहाव्या महिन्याची पौर्णिमा. ख्मेर महिन्याचं नाव विचारलं तर तिच्या आजीने सांगितलं, लिहिण्यात ‘कत्तिक’. त्या वर्षी १५ नोव्हेंबरला आपली त्रिपुरी पौर्णिमा होती, तोच दिवस.

सकाळी त्यांच्या अंगणात धबधब आवाज ऐकला आणि पायात चपला न घालताच बाहेर गेले. लाकडी उखळ, लांब मुसळं, दोन बाया समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने घाव घालतायत. शेजारी चुलीवर मातीचं मडकं, त्यात एक म्हातारी मूठ-मूठ भात भाजतेय. भात कसला, तर चिकट तांदळाचा, पुरता पिकायच्या आधीच कापलेला, हिरवट. आपण भात भिजवतो, मग भाजून चेपतो. त्यांना भिजवायची गरज नाही, दाणा मुळात ओलाच. मडक्यात तडतडला की गरम असतानाच उखळात, आणि गार व्हायच्या आत चपटा. जरा उशीर झाला की दाणा मोडतो. मी न राहवून एक मुसळ हातात घेतलं. पाच घाव घातले, त्यातले दोन उखळाच्या काठावर. बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मशीनवर पोहे करून विकणारीची एवढीच लायकी.

मग सुपाने पाखडून तूस काढलं. उरले ते फिकट हिरवे, मऊ, नव्या भाताच्या वासाचे पोहे. त्यावर खवलेलं खोबरं, साखर, आणि भिजवायला शहाळ्याचं पाणी. मी जन्मभर दडपे पोहे नारळाच्या पाण्यात भिजवत आले, तेव्हा पहिला घास घेतल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, हे तर आमचंच!’ त्या मुलीने आजीला भाषांतर करून सांगितलं. आजीने विचारलं, ‘तुमच्याकडे हा चिकट तांदूळ पिकतो?’ मी म्हटलं, आमच्या भागात नाही. ‘मग तुमचं कसं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या लेखात ‘लुप्त’च्या जोडीला ‘आपल्याच संस्कृतीच्या खुणा’ असेही शब्द होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. शब्द जुळतात, खूप जुळतात, ते नाकारून चालायचं नाही. गावाला ‘फुम’ म्हणतात, लिहितात ‘भूमि’. देवळातली कार्यं सांगणारा गृहस्थ ‘आचार’. देवळाच्या छताला तोलून धरणारे गरुड आणि किन्नर, दाराशी यक्ष, पायऱ्यांच्या कठड्यावर नाग. पितरांचा सण भाद्रपदाच्या अमावास्येला येतो, आणि त्यासाठी करतात त्या भाताच्या गोळ्यांना म्हणतात ‘बेन’, म्हणजे पिंड. पण हे सगळं त्यांनी शतकानुशतकं आपल्या हाताने वळवलं आहे. आपण तिथे जाऊन मालकी सांगायची म्हणजे सासरी गेलेल्या पणतीच्या घरातली भांडी मोजण्यासारखं.

संध्याकाळी चंद्र वर येईपर्यंत अंगणात बांबूची कमान उभी राहिली, फुलांनी आणि पानांनी सजवलेली. खाली टेबलावर पोहे, केळी, शहाळी, रताळी, अळकुड्या. आचारांनी पीक दिल्याबद्दल चंद्राचे आभार मानले. मग पोरं मांडी घालून चंद्राकडे तोंड करून ओळीने बसली. आचार एकेकाच्या तोंडात पोह्यांची मूठ कोंबत, पाठीवर थाप देत आणि विचारत, काय हवं? तोंड भरलेलं, त्यात चिकट पोहे, बोलणार कसं! पण ते पोर जे काही पुटपुटेल त्यावरून पुढचं वर्ष कसं जाणार ते म्हातारी माणसं ठरवतात. ‘ओक’ म्हणजे मूठभर तोंडात कोंबणं आणि ‘ओम बोक’ म्हणजे हे पोहे. सणाचं नावच मुळी तेवढं. मलाही ओळीत बसवलं. काय हवं विचारल्यावर मी मराठीतच ‘पाणी’ म्हणाले. सगळ्यांनी गंभीरपणे मान हलवली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला, असा अर्थ लावला म्हणे.

कोजागरीला आपल्याकडेही चंद्राला दूध-पोहे असतात, ती त्याआधी महिनाभर होऊन गेली होती. हे मी त्या वेळी तिथे सांगितलं नाही. आजीचा प्रश्न ताजा होता.

त्याच रात्री तळ्यात दिवे सोडले. त्याला म्हणतात ‘लोई प्रातिप’. प्रातिप म्हणजे प्रदीप. तळं म्हणजे ‘आओ बा ओम’, गावठाणापासून सहा-सात किलोमीटरवर, जवळजवळ चौकोनी, काठावर मोठाली झाडं, त्यांची मुळं जमिनीवर माणसाच्या कंबरेएवढी आलेली. त्याची गोष्ट मात्र आम्हा बायकांच्या बाजूची. लग्नाची मागणी कोणी घालायची यावरून बायका आणि पुरुषांत पैज लागली, रात्रभरात तळं कोण आधी खणतो. बायकांनी मध्यरात्रीच उंचावर दिवा टांगला. पुरुषांना वाटलं शुक्र उगवला, उजाडलं, ते हातपाय धुऊन घरी गेले. बायका खणत राहिल्या आणि जिंकल्या. त्यांची पुढारी ओम, तिच्या नावाचं हे तळं.

तळ्याशेजारी आंग पागोडा आहे, सध्याची इमारत १८४२ ची. समोर ख्मेर संस्कृतीचं संग्रहालय, ते पाऊण तासात होतं. त्रा विन्हच्या एवढ्या मुलखात ख्मेर पागोडे १४० च्या वर आहेत, सगळे पाहायला कोणी जाऊ नये. मला आवडला तो ‘चुआ हांग’, गुहेसारख्या दाराचा. युद्धात त्यावर बॉम्ब पडले होते. आता तिथले भिक्षू आणि गावातली पोरं वठलेल्या झाडांचे बुंधे आणि मुळं कोरून पक्षी, वाघ, ड्रॅगन करतात. लाकडाच्या भुश्शाचा वास थेट गाभाऱ्यापर्यंत येतो. पागोडा म्हणजे नुसती पूजा नाही. सुटीत मुलं तिथे ख्मेर लिपी शिकतात, मुलगे काही काळ चीवर घालून राहतात, आणि गावाची शर्यतीची लांबलचक होडीही पागोड्याच्याच पडवीत ठेवलेली असते. पन्नास-साठ वल्हेकऱ्यांची ती होडी लाँग बिन्ह नदीत धावताना पाहिली, तेव्हा काठावरच्या आरड्याओरड्याने कान बधिर झाले. लुप्त माणसं एवढी ओरडत नाहीत.

माझी फजितीही सांगते, कोणाला उपयोग होईल. घरून नेलेला चिवड्याचा पुडा घेऊन मी पागोड्यात गेले आणि थेट एका तरुण भिक्षूच्या हातात द्यायला लागले. तो पटकन दोन पावलं मागे सरला. बाईने भिक्षूच्या हातात वस्तू द्यायची नसते. टेबलावर ठेवायची, किंवा तो पुढे करेल त्या कापडावर. आचार धावत आले, पुडा टेबलावर गेला. मग कळलं, वेळ दुपारी दोनची. हे थेरवादी भिक्षू माध्यान्हीनंतर जेवत नाहीत. माझा पातळ पोह्यांचा चिवडा तिथेच राहिला, आणि तो भिक्षू त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मला पुरेशी पावती होती.

जेवणाबद्दल पुरवणीत ‘स्थानिक नूडल्स’ एवढंच होतं. नाव लिहायला काय हरकत होती? बुन नुओक लेओ. मरळ मासा, गवती चहा, आल्याच्या कुळातलं बोटांसारखं एक मूळ, आणि या सगळ्याखाली ‘प्राहोक’, म्हणजे मीठ घालून मुरवलेले मासे. वर केळफूल बारीक चिरून, मोड, भाजलेलं डुकराचं मांस हवं तर. मी सुकटीच्या वासात वाढलेली बाई, मला दुसऱ्याच घासाला ओळख पटली. भाचा मात्र नाक धरून बसला. बाजारात एका वाडग्याचे ३०,००० डाँग दिले, म्हणजे शंभरेक रुपये. आणि काऊ के भागातला ‘युआ साप’ सोडू नका. नावातल्या सापाला घाबरू नये. साप म्हणजे मेण. हा असा नारळ की आत पाणी नाही, मऊ लोण्यासारखा गर. झाडाला सगळे तसे धरत नाहीत, घडातले काही थोडेच. विकणारी बाई कानाशी हलवून दाखवते, आवाज आला नाही तर तो खरा. दीड लाख डाँगला एक घेतला. महाग होता. परवडला.

आता मूळ विनंती. पुढच्या अंकात ‘लुप्त’ शब्दाची दुरुस्ती छापावी. अंकोर पंधराव्या शतकात ओस पडलं असेल. माणसं ओस पडली नाहीत. आणि नकाशाचीही दुरुस्ती हवी. आपण त्रा विन्ह स्वतंत्र प्रांत दाखवला आहे. १ जुलै २०२५ पासून तो बेन त्रेसह विन्ह लाँग प्रांतात विलीन झाला. जिल्हे ही पातळीही तेव्हाच रद्द झाली. जायचं तर नवे पत्ते विन्ह लाँगच्या नावाने शोधावे लागतात, पण बसवाल्याला त्रा विन्ह म्हटलेलं कळतं. सणाची तारीख तिथल्या माणसाकडून नक्की करून घ्यावी, कारण व्हिएतनामी आणि ख्मेर दोन्ही पंचांगांत अधिक महिना असतो आणि दर वेळी दोघांचा मेळ बसेलच असं नाही.

मी पुन्हा जाणार आहे. त्या आजीने निरोप पाठवलाय की मुसळ तयार आहे. चिवडा या वेळी दोन किलो नेणार, आणि पागोड्यात सकाळी दहाच्या आत पोचवणार.

आपली जुनी वाचक,
एक पोहेवाली