ऑपेरा हाऊसमध्ये पुन्हा नांदी होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या बंद पडत चाललेल्या एकपडदा चित्रपटगृहांवरचा लेख आपल्या अंकात वाचला. लेखकाची हळहळ मनापासूनची आहे. मात्र जुनी चित्रपटगृहे एक तर पाडली जातात, नाही तर त्यांचे मॉल होतात, असा जो सूर त्यात आहे, त्याला आमच्याच गिरगाव भागात एक ठळक अपवाद उभा आहे. केनेडी पुलाच्या कडेला असलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसबद्दल मी लिहितो आहे.

या वास्तूला नुसते ‘जुने थिएटर’ म्हणणे अपुरे आहे. नाटक मंडळी चालवणारे मोरिस बँडमन आणि कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी १९०८ च्या सुमारास ती उभारायचे ठरवले. १९११ साली काम अर्धवट असतानाच पाचव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झाले आणि पुढच्या वर्षी इमारत पुरी झाली. ती बांधली ऑपेरा, म्हणजे युरोपीय धाटणीची संगीतिका, आणि गोऱ्या नाटक मंडळ्यांसाठी. पण गिरगावाच्या उंबरठ्यावर उभे राहिलेले नाटकगृह साहेबापुरते किती दिवस राहणार? बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, मास्टर दीनानाथ, बापूराव पेंढारकर, ज्योत्स्नाबाई भोळे ही सगळी मंडळी या रंगमंचावर उभी राहिली. पृथ्वीराज कपूर यांची नाटकेही इथे झाली. मराठी संगीत रंगभूमीच्या ऐन बहराच्या काळाशी ही इमारत जोडलेली आहे, आणि आज नेमके तेच विसरले जाते.

सिनेमा इथे एका रात्रीत आला नाही. आधी नाटकांच्या जोडीने मूकपट दाखवले जात, मग पाथे आणि मादन यांसारख्या सिनेमा कंपन्या आल्या. १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्सने जागा ताब्यात घेतली आणि ते पुरते चित्रपटगृह झाले. या बदलाची किंमत मोठी होती. पडद्याला जागा हवी म्हणून रंगमंचाच्या दोन्ही अंगांचे बॉक्स, म्हणजे खास बैठकींचे छोटे सज्जे, गेले, वादकांच्या बैठकीची खोलगट जागा बुजली, नक्षीकामावर नव्या धाटणीचे साधे लेपन चढले. मला त्याचा राग येत नाही. त्या काळी हा बदल झाला नसता, तर इमारतच उरली नसती. मॅजेस्टिक पाहा ना. १९३१ साली ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट ज्या गिरगावातल्या पडद्यावर लागला, ते थिएटर केव्हाच जमीनदोस्त झाले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली जिथे लागला, ते कोरोनेशनही गेले. दोन्ही ठिकाणे ऑपेरा हाऊसपासून पायी जाण्याच्या अंतरावरची.

सिनेमाच्या काळातही या थिएटरचा दिमाख वेगळा होता. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ इथे सलग वर्षभराहून अधिक चालला. त्या चित्रपटाची कथा गदिमांची, आणि तिच्या मुळाशी औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग; म्हणजे त्यातही मराठी मुलखाचा वाटा होताच. १९५२ साली सौराष्ट्रातल्या गोंडल संस्थानच्या महाराजांनी वास्तू घेतली. पुढे व्हिडिओ आला, घरोघरी केबल आली, बाल्कनी रिकामी राहू लागली आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. नंतरची वीस-बावीस वर्षे बस कंडक्टर ‘ऑपेरा हाऊस’ म्हणून ओरडायचा, हिरेबाजाराची गर्दी उतरायची, आणि ज्या इमारतीवरून स्टॉपला नाव पडले, ती शेजारी काळवंडून, गळत उभी असायची.

ती वाचली याचे श्रेय गोंडलच्या घराण्याला आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांना दिलेच पाहिजे. जुनी छायाचित्रे हाताशी धरून, रंगांचे थर खरवडून मूळ रूप शोधले गेले. गेलेले बॉक्स पुन्हा उभे राहिले, वादकांची जागा मोकळी झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा उघडला आणि मुंबईत जन्मलेल्या ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. दुसऱ्या वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. एकदा आत जाऊन बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसा. समोर एकही खांब आडवा येत नाही. बाल्कनी खांबांशिवायच तोललेली आहे. रंगमंचावर कोणी हलक्या आवाजात बोलले तरी ते तिथवर पोचावे, अशीच या प्रेक्षागृहाची रचना आहे.

माझे म्हणणे इथूनच सुरू होते. बिनमाइकच्या गळ्यासाठी बांधलेल्या अशा जागा मुंबईत फार थोड्या. आपल्या आजच्या नाट्यगृहांत संगीत नाटक लागले, तर ऑर्गन कुठल्या तरी विंगेत कोंबलेला, तबला दुसरीकडे, आणि गायकाच्या गालाला चिकटवलेला माइक खरखरतो. पद रंगात येऊ लागते आणि ध्वनियोजनेत गडबड होते. इथे साथीदारांना रंगमंचासमोर, खालच्या बाजूला हक्काची जागा आहे. गायकाची नजर ऑर्गनवाल्याला मिळते. ‘वन्स मोअर’ला ताल पुन्हा कुठून धरायचा, हे त्या नजरेतच ठरते. संगीत नाटकाला लागते ते सगळे इथे आयते आहे. तरीही इथे होणाऱ्या कार्यक्रमांत संगीत नाटक आणि मराठी सिनेमा यांचा वाटा फार थोडा दिसतो, आणि तिकिटांचे दर बहुतेक वेळा चाळीतल्या माणसाच्या आवाक्याबाहेर असतात.

यात मालकांना दोष देता येणार नाही. वास्तू खासगी आहे, खुर्च्या जेमतेम पावणेसहाशे, आणि अशा इमारतीची निगा राखायची म्हणजे पैसा पाण्यासारखा लागतो. स्वस्त तिकीट लावा, असा हुकूम त्यांना कोणी सोडू नये. तिकीट स्वस्त हवे असेल तर मधला फरक सरकारने सोसावा. मराठी नाटकांना आणि चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देतेच. त्याच धर्तीवर सांस्कृतिक कार्य विभागाने महिन्यातले दोन-तीन दिवस हे प्रेक्षागृह स्वतः भाड्याने घ्यावे आणि गिरगावातल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहात असतात तशा दरात तिकिटे ठेवावीत. संध्याकाळी संगीत नाटक, सकाळी मॅटिनीला जुना मराठी चित्रपट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘अयोध्येचा राजा’सारखे चित्रपट जतन केलेले आहेत. ते गिरगावकरांना मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाले, तर आजोबांबरोबर नातवंडेही येतील. शिवाय संगीत राज्य नाट्य स्पर्धेची अंतिम फेरी एखाद्या वर्षी तरी इथे घ्यावी. सांगली, रत्नागिरी, गोव्याकडच्या हौशी कलावंतांना बालगंधर्व जिथे उभे राहिले तिथे उभे राहून गाता येईल. स्पर्धेत बक्षीस मिळो न मिळो, हा मान त्यांना जन्मभर पुरेल.

आणखी एक सूचना. बंद पडलेल्या इतर चित्रपटगृहांचे मालक जेव्हा जागेचा वापर बदलायची परवानगी मागतात, तेव्हा नाटक, गाणे, तालमी, व्याख्याने यांसाठीची परवानगी सर्वात आधी आणि सर्वात कमी कागदपत्रांत मिळावी. छप्पर गळू लागल्यावर फाइल हलून उपयोग नसतो. ऑपेरा हाऊस तेवीस वर्षे बंद राहूनही वाचले, कारण त्याच्या मागे एक राजघराणे होते. लालबाग-परळच्या किंवा जिल्ह्याच्या गावातल्या थिएटरवाल्याकडे तेवढी ऐपत नसते.

सांस्कृतिक कार्यमंत्र्यांपर्यंत हे पोचावे म्हणून आपल्या अंकात जागा द्यावी, ही विनंती. संगीत नाटक करणाऱ्या संस्थांनीही विभागाकडे अशी लेखी मागणी करावी. पत्रावर सह्या लागल्या, तर आमच्या वाडीतून हव्या तेवढ्या गोळा करून देतो.

आपला नम्र,
एक वाचक
गिरगाव, मुंबई